मेडिकलच्या दिवशीचा खोटा खोकला

डॉक्टरांनी "खाँसो" म्हटलं तेव्हा मी नीट खोकलो नाही. चूक इथून सुरू झाली, म्हणून लिहायलाही इथूनच सुरुवात करतो.

पोटातून खोकलो असतो तर जांघेतली गाठ त्यांच्या बोटांना लागली असती. मी पोट आत ओढलं, श्वास अर्ध्यावर धरला आणि नुसता घसा खाकरला. त्यांनी दोन बोटं दाबून पुन्हा एकदा खोकायला सांगितलं. मी पुन्हा तसाच खोकलो. कागदावर शिक्का पडला, फिट. मी पँट वर ओढून पडद्याबाहेर आलो. बाहेर अजून वीस-बावीस ड्रायव्हर रांगेत होते आणि डॉक्टर एकटे होते.

माझं नाव सुभाष कदम, वय एक्कावन्न. मूळचा सातारा जिल्ह्यातला. सतरा वर्षं फौजेत गाड्या चालवल्या. शेवटचं पोस्टिंग दिल्लीत होतं, मुलीची शाळा इथे सुरू झाली होती, म्हणून इथेच राहिलो. द्वारकेत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. गेली चौदा वर्षं मी एका ठेकेदाराची स्टाफ बस चालवत होतो. सकाळी द्वारकेतून कामगारांना घेऊन मानेसरच्या कारखान्यात सोडायचं आणि दुपारी परत आणायचं.

माझ्यासारखं दुखणं लपवून स्टिअरिंगवर बसलेला कुणी असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे. पण खरं सांगायचं तर मी दोन चुका केल्या आणि दुसरी या खोकल्यापेक्षा मोठी होती. ती कुठेतरी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही, हेही एक कारण आहे.

स्टेपनी

आदल्या हिवाळ्यात, धुक्याच्या दिवसांत, मानेसरच्या अलीकडे बस पंक्चर झाली. बसची स्टेपनी दोघांनी उचलायची असते. कामगारांची हजेरी चुकेल म्हणून मी एकट्यानेच ओढून उचलली. डाव्या जांघेत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. दुखलं असतं तर कदाचित तेव्हाच कुणाला तरी सांगितलं असतं.

आठ-दहा दिवसांनी आंघोळ करताना हाताला गाठ लागली. लिंबाएवढी, मऊ. झोपलो की नाहीशी व्हायची. सकाळी चाचपून बघायचो, काही नाही. वाटायचं, गेली. दुपारपर्यंत पुन्हा हजर. गाठ डाव्या बाजूला आणि आमच्या जुन्या बसचा क्लच दगडासारखा. रहदारीत दर दोन मिनिटांनी डावा पाय दाबायचा म्हणजे काय, ते फक्त ड्रायव्हरलाच कळेल.

पालममधल्या एका लहान दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मिनिटभरात सांगितलं, हर्निया आहे, ऑपरेशन करून घ्या, जड उचलू नका. मग विचारलं, काय काम करता. मी म्हणालो, दुकान आहे. का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी विचारलं होतं सहज, त्यांना माझ्या लायसन्सशी काही देणंघेणं नव्हतं. तरी तोंडातून दुकानच आलं.

तीन उत्तरं

ड्रायव्हरचं मेडिकल दोन महिन्यांवर आलं होतं. लायसन्सचं नूतनीकरणही त्याच वर्षी होतं. हर्निया असलेला माणूस पास होतो की नाही, एवढाच माझा प्रश्न होता. तो मी 'माझ्या एका मित्राला' लावून विचारत फिरलो.

माझा जुना सोबती धरमवीर, रोहतककडचा, दुसऱ्या रूटची बस चालवतो. तो म्हणाला, लंगोट कसून बांध म्हणावं तुझ्या मित्राला, आमच्या गावात अर्धे पैलवान असेच फिरतात. ट्रान्सपोर्ट ऑफिसबाहेर फॉर्म भरून देणारा एक एजंट बसतो. त्याने मानही वर केली नाही, म्हणाला, "लाइफटाइम अनफिट. बैज भी जाएगा." फोनवर व्हिडिओ पाहिले. एकात काहीच अडचण नाही म्हणत होते. दुसऱ्यात बरीच अडचण होती, पण तो निम्मा पाहिल्यावर कळलं की तो अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांसाठी आहे.

तीन ठिकाणी तीन उत्तरं. मी एजंटचं धरलं, कारण तो सगळ्यात खात्रीने बोलला. वय पन्नाशीच्या पुढे, मुलगी कॉलेजात, गाडी चालवण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही. बैज, म्हणजे प्रवासी गाडी चालवायचा बिल्ला, गेला म्हणजे मी काय, हा विचार डोक्यात बसला की उठेना. ज्या डॉक्टरांच्या हातात शिक्का होता त्यांनाच सरळ विचारावं, हे एकदाही सुचलं नाही.

सर्जिकलच्या दुकानातून हर्नियाचा पट्टा आणला आणि घरी कमरेचा पट्टा म्हणून सांगितला. मेडिकलच्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नाही. रांगेत माझा नंबर जवळ आल्यावर बसमध्ये गेलो, मागच्या लांब सीटवर पाय वर करून आडवा झालो, गाठ आत सारली, पट्टा काढून सीटखाली लपवला आणि हळूहळू चालत पडद्यामागे गेलो. पुढचं वर लिहिलंच आहे.

बाहेर आल्यावर धरमवीरने पाठीवर थाप मारली. म्हणाला, फौजी तो घोडा है. मी हसलो.

सकाळचं रजिस्टर

आमच्या डेपोची एक पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

काही वर्षांपूर्वी एक ड्रायव्हर चालत्या गाडीत पेंगला होता. तेव्हापासून रोज पहाटे बस निघण्याआधी रजिस्टरमध्ये दोन सह्या होतात. पहिली ड्रायव्हरची: मी ठीक आहे. दुसरी त्या बसच्या अटेंडंटची: मी यांना पाहिलं, यांच्याशी बोलले, हे ठीक आहेत. बसमध्ये बायका कामगार असल्या की अटेंडंट बाईच असते. तिने 'नाही' म्हटलं तर बस हलत नाही, दुसरा ड्रायव्हर येतो. ड्रायव्हरलोक या सहीची टिंगल करतात. पण ती सही असते.

माझ्या बसच्या अटेंडंट रेखाजी होत्या. मानेसरजवळच्याच एका गावात राहणाऱ्या, पस्तिशीच्या, बोलायला धारदार. त्या सही नुसती करून टाकत नसत. माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आँखें दिखाओ, कदमजी." मग डोळ्यांकडे बघून ठरलेला टोमणा: भाभीजींनी रात्री झोपू दिलं नाही वाटतं, किंवा आज चहात साखर कमी पडलेली दिसते. मग सही.

गाठ आल्यापासून रोज मी त्यांना डोळे दाखवले. त्या डोळ्यांत बघत होत्या. दुखणं पट्ट्याखाली होतं.

त्या सकाळी

मार्चमधली गोष्ट. बस भरलेली होती. टोलनाका ओलांडला आणि गाठ दगडासारखी झाली. आडवं न होताच ती आत जायची वाट बघत राहिलो. दहा मिनिटांत घाम फुटला, मग उलटीची उबळ. एवढं आठवतं की इंडिकेटर दिला, बस डावीकडे घेतली, कडेच्या पट्टीत उभी केली, हँडब्रेक ओढला. त्यानंतर स्टिअरिंगवर कोसळलो.

पुढचं लोकांनी सांगितलेलं. रेखाजींनी आधी चावी काढली. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं केलं, मागे लाल त्रिकोण ठेवला, कंट्रोलला फोन केला. मग आत येऊन माझं ओकलेलं स्वतःच्या ओढणीने पुसलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत माझा तळहात चोळत बसल्या. मधेच शुद्ध आली तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला होता. त्या मला बोलायला लावत होत्या, मुलीचं नाव काय, कितवीत आहे. मी बहुतेक उत्तरं दिली असावीत.

बस धडकली नाही, कुणाला खरचटलंही नाही. लोक म्हणतात, फौजीने अखेरच्या क्षणी गाडी सांभाळली. हे ऐकलं की मी गोंधळून जातो. ज्याने गाडी सांभाळली तोच माणूस ती गाडी धोक्यात घालून बसला होता. मग मला शाबासकी कशाची?

आजचा माल

गुरुग्रामच्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सीत सर्जननी विचारलं, कधीपासून आहे. मी म्हणालो, आजपासून. स्ट्रेचरवर होतो, दुखण्याने डोळे पांढरे झाले होते, तरी खोटं बोललो. सर्जन माझ्या बायकोकडे बघून म्हणाले, "ये आज का माल नहीं है."

वंदना नुकतीच धावत पोचली होती. ती द्वारकेत एक पाळणाघर चालवते, मुलं शेजारणीच्या स्वाधीन करून आली होती. तिच्या हातात माझ्या कपड्यांची पिशवी होती आणि पिशवीत तो पट्टा. तिने तो बाहेर काढून उलटा-सुलटा पाहिला. पुढच्या बाजूची गोल गादी दाबून पाहिली. तेवढ्यात मला आत नेलं.

आतड्याचा तुकडा अडकला होता. वेळेत सोडवला, कापावा लागला नाही. अजून काही तास गेले असते तर कापावा लागला असता, असं नंतर कळलं.

वॉर्डातले दिवस मला तुटक आठवतात. पहाटे पाचला दिवे लागायचे. मग ताप, बीपी, मग चहा, जो मला मिळत नसे. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला सगळे एकच गोष्ट विचारतात, गॅस गेला का. शेजारच्या खाटेवर पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले एक चाचा होते, मानेसरकडचे जमीनदार, भरघोस मिशांचे. ते रोज सकाळी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारायचे, "फौजी, हवा छूटी?" तिसऱ्या दिवशी सुटली. चाचांनी नर्सला बोलावून बातमी दिली आणि मला मुगाचं पाणी मिळालं. त्याची चव मी विसरणार नाही.

केरळची एक सिस्टर होती. तिने पोटावर उशी दाबून धरायला शिकवलं आणि खोकायला लावलं. छातीत कफ साठतो, खोकलं पाहिजे म्हणाली. मी भीतभीत घसा खाकरला. ती म्हणाली, "ऐसे नहीं अंकल. पेट से." मी उशी घट्ट धरली आणि पोटातून खोकलो. टाके फाटल्यासारखे वाटले, डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं दुखलं म्हणून.

मान

आता दुसरी चूक.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे ट्रान्सपोर्ट इनचार्ज त्यागीजी आले. माणूस वाईट नाही. सफरचंदं घेऊन आले होते. त्यांना एक फॉर्म भरायचा होता, घटना कशी घडली त्याचा. मला सलाईन चालू होतं, दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं होतं, डोकं कापसासारखं झालं होतं. ते हळू आवाजात विचारत होते आणि लिहीत होते. दुखणं आधीपासून होतं का? मी हो म्हणालो, कारण ते डॉक्टरांनी लिहिलेलंच होतं. मग त्यांनी विचारलं, "अटेंडेंट को पता था?"

मी मान हलवली. होकाराची.

त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे तुम्ही रेखाला सांगितलं होतं? मी पुन्हा मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं, माझ्या अंगठ्याजवळ पेन धरला आणि मी सही केली.

मी हे किती वेळा आठवून पाहिलं असेल. गुंगी होती, हे खरं. पण मला एवढंही आठवतं की तो प्रश्न ऐकल्यावर एक विचार येऊन गेला होता: कुणाला सांगितलं होतं म्हटलं, तर मी लपवलं असं होणार नाही. तो विचार आधी आला आणि मान नंतर हलली, की मान आधी हलली आणि विचार मी नंतर जोडला? कधी असं वाटतं, कधी तसं. मला खरंच कळत नाही. मी स्वतःला सोडवायला हे सांगत नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

घरी

घरी आल्यावर वंदना माझं सगळं करत होती. जखम बघायची, वेळेवर गोळ्या, मऊ भात. फक्त बोलत नव्हती. आठव्या दिवशी ताट उचलता उचलता म्हणाली, "तुम्ही फौजेत होता तेव्हा मला सगळं उशिरा कळायचं. ते मी समजून घेतलं. इथे एकाच पलंगावर झोपता, आणि मी तो पट्टा रोज धुऊन वाळत घालत होते. कमरेचा म्हणून."



आमची ऋतुजा दिल्लीतच वाढली, तिचं मराठी अर्धं हिंदी आहे. ती माझ्या पायाशी बसून म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगितलं असतं तर आम्ही काय तुम्हाला ओरडलो असतो का, यार?" मग थोडं थांबून, "आई नक्की ओरडली असती. पण मग चलो, झालं असतं ना." त्यावर वंदनाला हसू आलं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी.

तीन आठवड्यांनी धरमवीर भेटायला आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर जाता जाता म्हणाला, तुझ्या बसच्या मॅडमला काढलं, फौजी. माहीत असून सही केली म्हणून. मी म्हणालो, "अच्छा?" तो म्हणाला, हां, आता कुठेतरी पॅकिंगमध्ये लागल्यात म्हणे, दिवसभर उभं राहायचं काम. आणि चपला घालून गेला.

मी फक्त 'अच्छा' म्हणालो. त्या वेळी मला सलाईन नव्हतं, इंजेक्शन नव्हतं. ते 'अच्छा' पूर्ण शुद्धीतलं होतं.

सर्जनची खोली

दीड महिन्याने तपासणीला गेलो. सर्जननी जखम पाहिली, समाधान मानलं. मी धीर करून विचारलं, साहेब, मी आता आयुष्यभर अनफिट का?

त्यांना प्रश्नच कळेना. कुणी सांगितलं, म्हणाले. अजून दीड-दोन महिने थांबा, मग चालवा. मी विचारलं, आणि मेडिकलच्या वेळीच सांगितलं असतं तर? ते म्हणाले, तर डॉक्टरांनी काही दिवस थांबवून ऑपरेशन करून या म्हटलं असतं. सवडीने करायचं ऑपरेशन होतं, कदाचित आत्तापर्यंत गाडीवरही असता.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. इतके महिने ज्या दाराला पाठ लावून मी उभा होतो त्याला कडीच नव्हती. हसावं की रडावं ते कळेना. वंदनाने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. मी सांगितलं. मग तिथेच, त्या बाकावर, मान हलवल्याचंही सांगितलं.

ती म्हणाली, "ओढणीने पुसलं होतं ना त्या बाईंनी?"

"हो."

"मग घरी नका येऊ आधी. तिकडे जा."

रेखाजींचं अंगण

त्याच दिवशी नाही गेलो. गेलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. चार दिवसांनी, रविवारी, शेअर ऑटोने गेलो. रेखाजी अंगणात कपडे पिळत होत्या. त्यांनी मला बसायला खाट दिली, पाणी दिलं, तब्येत विचारली. मी बोलायला लागलो. माफ करा म्हणालो, दोनदा-तीनदा म्हणालो.

त्यांनी हातातला कपडा पिळून तारेवर टाकला, चिमटा लावला आणि म्हणाल्या, "आपने कुछ बोला भी नहीं, कदमजी. बस गर्दन हिलाई. और मेरा काम गया."

मी म्हणालो, औषधाची गुंगी होती. त्या म्हणाल्या, असेल. मग म्हणाल्या की सगळ्या डेपोत आता एकच गोष्ट फिरते, रेखाला माहीत होतं आणि तिने चाळीस माणसं आजारी ड्रायव्हरच्या हातात दिली. दोन वर्षं मी रोज तुमच्या डोळ्यांत बघून सही केली, लोक हसायचे तरी केली. आता बसमधल्या बायका रस्त्यात भेटल्या की तोंड फिरवतात.

"यहाँ माफी मत माँगो," त्या म्हणाल्या. "यहाँ तो मुझे पता ही है। जहाँ रजिस्टर है, वहाँ बोलो।"

मी विचारलं, नोकरी गेली तर? हे विचारलं, आणि विचारता विचारताच लाज वाटली. त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि आत गेल्या.

हजेरी

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. त्यागीजींनी फॉर्म बदलून लिहिला. मला बसवरून उतरवलं. सध्या मी डेपोत टायर आणि स्टेपन्यांचं काम बघतो, उचलायचं काम दुसरे करतात. पुन्हा स्टिअरिंग मिळेल की नाही, ते ठरलेलं नाही. मेडिकल पुन्हा झालं. तेच डॉक्टर होते. मी पोटातून खोकलो आणि मागच्या वेळचं सगळं सांगितलं. त्यांना मी आठवतही नव्हतो. म्हणाले, मीही घाईत नीट पाहिलं नसेन. मग दोष किती माझा, किती त्यांचा, किती त्या एजंटचा, ते वाटून घ्यायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. रेखाजींना परत बोलावलं. त्या आता धरमवीरच्या बसवर आहेत. गेटवर दिसलो की नमस्ते करतात. पूर्वीसारखं बोलत नाहीत.

ज्याला माझ्यासारखं दुखणं असेल त्याला एवढंच सांगेन: डॉक्टर खोकायला सांगतील तेव्हा पोटातून खोका. बाकीचं त्यानंतर बघता येतं.

आता ती सकाळ. रजिस्टरच्या आधी आमची हजेरी होते. त्या दिवशी पाच वाजता, उजाडायच्या आत, तीसेक ड्रायव्हर आणि तेवढ्याच अटेंडंट शेडखाली उभ्या होत्या. मी त्यागीजींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की मला दोन मिनिटं बोलायचं आहे. कशाबद्दल ते सांगितलं नव्हतं. रेखाजींना निरोप दिला होता. त्या येतील असं वाटलं नव्हतं, पण गेटच्या आतल्या बाजूला, पॅकिंगच्या कामाचा निळा एप्रन घालून त्या उभ्या होत्या. तिथूनच त्यांना कामावर जायचं असणार.

मी रजिस्टरच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. पाय आपोआप सावधानमध्ये जुळले. धरमवीर मागून म्हणाला, फौजी भाषण देणार, चहा मागवा. दोघं-चौघं हसले. मी सुरुवात केली. बोललो हिंदीत, इथे मराठीत लिहितो.

म्हणालो, त्या दिवशी हॉस्पिटलात त्यागीजी आले तेव्हा मला औषधाची गुंगी होती.

गेटजवळ रेखाजींनी मान खाली घातली. माझ्याकडे बघणं सोडून त्या एप्रनची गाठ सोडायला-बांधायला लागल्या. मी थांबलो. कोणीच हसत नव्हतं आता. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"रेखाजींना काहीही माहीत नव्हतं. मी त्यांना कधीच सांगितलं नाही. डॉक्टरांपासून लपवलं, घरच्यांपासून लपवलं, तसंच त्यांच्यापासूनही लपवलं. त्या रोज माझे डोळे बघून सही करत होत्या, आणि ती सही खरी होती. माझी खोटी होती. त्यांनी त्या दिवशी बसमधली माणसं वाचवली आणि मलाही वाचवलं, आणि मी त्यांचं काम घालवलं. रेखाजी, माझं चुकलं. या सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. गुंगी किती होती, मला माहीत नाही. मान मीच हलवली होती."